आजीचा आवाज

"सांगा बाई, लाडू कोणी खाल्ले?"

अनसूयाबाई शेवग्याखाली बसून चिंचा फोडत होत्या. शहरातल्या शाळेतून निवृत्त होऊन त्या गावी परतल्या, त्याला बरीच वर्षं झाली. समोर मकरंद बसला होता. एकेकाळी त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसणारा हा मुलगा आता शेजारच्या गावात गणित शिकवायचा.

"कुठले लाडू रे?"

"माझ्या कोड्यातले. मी आता गणित असंच शिकवतो. आधी चोरी, मग आकडे. मुलं चोर शोधतात आणि तर्क करायला आपोआप शिकतात. दुसऱ्या शाळांतले शिक्षक माझा तास बघायला येतात, बाई!"

"बरं. ऐकव."

"बारशाचं घर. चार पाहुणे जेवायला आलेत. संध्याकाळी बघतात तर लाडवांचा डबा रिकामा! संशय दोघांवर, मामा आणि आत्या. मामा साडेतीनच्या एसटीने निघून गेला. आत्या दिवसभर घरातच. आणि आजी सांगते, पावणेचारला डबा भरलेला होता."

"मग आत्या."

"बरोबर! सगळ्या वर्गाला जमलं. एक वनिता सोडून..."

त्याचा आवाज खाली आला.

"सगळ्यात हुशार मुलगी, बाई. आजीपाशी वाढलेली. उठून म्हणाली, मामानं बी खाल्लं असत्याल की सर. मी म्हटलं, अगं, तुला घड्याळ तरी कळतं का? सगळे हसले. ती खाली बसली."

"मग?"

"तेव्हापासून गणिताचा तास सुरू झाला की ती बाहेर नळापाशी जाऊन बसते. बोलावलं तरी येत नाही. घरी सांगितलंय म्हणे, शाळाच नको. तिची आई काल भेटून गेली... इतकं सोपं तिला चुकलं कसं, तेच मला कळत नाही."

"तिला विचारलंस?"

"काय विचारायचं? उत्तरच चूक होतं."

बाईंनी एक चिंच फोडली. चिंचोका बाजूला ठेवला.



तेवढ्यात शेजारच्या हौसाबाई ताट घेऊन आल्या. ताटात चहाचे चार कप. बाईंकडे फोन नव्हता. कोणाला निरोप द्यायचा असला तर तो हौसाबाईंच्या घरी द्यावा लागे.

"बाकीचं पावणं कुठं हायेत?"

"बाकीचे कोण?" मकरंदने विचारलं.

"आता गं बया! सकाळी फोन तुमीच केला न्हवं? निम्मं ऐकू येत न्हवतं, पर 'पावणे चार' तेवढं नीट ऐकलं म्या. म्हनलं, चार मानसं येत्यात. दूध उसनं आणलं की वो!"

मकरंद पोट धरून हसला. "अहो मावशी, मी वेळ सांगितली! पावणेचारला येतो म्हटलं!"

"मग तसं नीट बोलावं मानसानं. आता प्या चारी कप," असं म्हणून हौसाबाई ताट ठेवून बाईंच्या स्वयंपाकघरात गेल्या.

मकरंद अजून हसतच होता. बाई हसल्या नाहीत.

"आजी काय म्हणते, ते परत सांग."

"पावणेचारला डबा..."

"असं नव्हे. वर्गात सांगितलंस तसं."

मकरंद खुलला. गावाकडच्या आजीची नक्कल हा त्याचा हातखंडा होता. मुलं त्यावर खूश असत. त्याने डोक्यावर पदर घेतल्यासारखा हात नेला, तोंड बोळकं केलं आणि मोठ्याने म्हणाला,

"अवं, पावणं चार झालं, तवा डबा काठोकाठ भरल्याला व्हता!"

आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. हौसाबाई लगबगीने दारात आल्या आणि फाटकाकडे बघू लागल्या.

"आलं व्हय बाकीचं तिघं?"

फाटकापाशी कोणी नव्हतं.

मकरंदचा हात डोक्यावर तसाच राहिला...

चार पाहुणे जमले, तेव्हा डबा भरलेला होता. म्हणजे जेवणाच्या आधी. आणि मामा गेला साडेतीनला. मधली सगळी दुपार मोकळी.

"मामानंही खाल्ले असतील," तो पुटपुटला.

शेवग्याची दोन पानं चहात पडली. त्याने ती काढली नाहीत.

"बाई, उद्या सगळ्यांसमोर सांगतो. वनिताचं बरोबर होतं म्हणून."

"परत तूच सांगणार?"



त्याने कप बाजूला सारला आणि विचारलं, "इतकी कोडी घातली मी. कधी असं झालं नाही. चुकलं कुठं?"

बाईंनी दुसरा कप त्याच्यापुढे सरकवला.

"आवाज तिच्या आजीचा काढलास," त्या म्हणाल्या. "घड्याळ मात्र तुझं लावलंस."

दुसऱ्या दिवशी सकाळी गणिताचा तास नळापाशी भरला.