विणकर आणि अंगणातलं पेव

माळरानाच्या कडेला एक गाव होतं आणि त्या गावात घोंगड्या विणणारा बिरू नावाचा एक माणूस राहायचा. त्याच्या घराला चांगलं भक्कम दार होतं, पण ते कधी लागत नसे. थंडीत वारं आत घुसायचं, गावातली कुत्री येऊन चुलीपाशी बसायची, तरी बिरू दार लावू देत नसे. दार लागलं की त्याचा श्वास कोंडायचा. बायकोला हे ठाऊक होतं, म्हणून ती लेकीला कुशीत घेऊन, घोंगडीवर घोंगडी पांघरून निजायची आणि काही बोलायची नाही.

याचं कारण अंगणात होतं. अंगणाच्या कोपऱ्यात एक जुनं पेव होतं, धान्य साठवायला जमिनीत खोल खणलेलं. त्याचं तोंड एक माणूस जेमतेम उतरेल एवढं अरुंद, पोट मात्र रांजणासारखं फुगलेलं. तोंडावर एक सपाट दगड.

बिरूचे आईबाप तो लहान असतानाच गेले आणि चुलत्याने त्याला वाढवलं. बिरू त्याला तात्या म्हणायचा. चुलता विणकामात नावाजलेला होता, पण त्याचा राग वाईट. बिरूच्या हातून काही चुकलं की चुलता त्याला दंडाला धरून अंगणात ओढत न्यायचा, रिकाम्या पेवात उतरवायचा आणि म्हणायचा, "बस आत. अक्कल आली की हाक मार."

मग वर दगड सरकायचा. हवेपुरती फट राहायची.

बिरू हाका मारायचा. घसा बसेपर्यंत मारायचा. कोणी येत नसे. पुढे पुढे त्याने हाक मारणंच सोडून दिलं. गुडघे पोटाशी घेऊन तो बसून राहायचा आणि डोक्यावर चालणाऱ्या पावलांचा आवाज ऐकायचा.

चुलता मरून बरीच वर्षं लोटली. चुलती तिच्या माहेरच्या वाडीला राहायला गेली. घर, माग आणि अंगण बिरूकडे आलं. पण पाठीमागे कोणाचं पाऊल वाजलं की अजूनही मागावर त्याचे हात थांबायचे. पेवाजवळून तो कधी जात नसे. लेक झाली तेव्हा तिला मांडीवर घेऊन तो बायकोला म्हणाला होता, "माझ्या घरात कोणाला भ्यावं लागणार नाही." लेकीचं नाव येसाई. ती चालायला लागली, बडबडायला लागली, शेळीमागे धावायला लागली, पण त्याने तिच्यावर कधी हात उगारला नाही. आपण चुलत्यासारखे नाही, एवढ्या एका गोष्टीवर त्याचं सगळं समाधान उभं होतं.

एकदा गावच्या पाटलांनी मुलाच्या लग्नासाठी बिरूला एक घोंगडी विणायला सांगितली. "पूजेला हीच अंथरायची आहे. सगळी सोयरी मंडळी बघतील. काम चोख हवं," पाटील म्हणाले. ते कडक होते आणि बोलताना डोळ्यांत बघायचे. बिरूने काळंभोर सूत निवडून काढलं, धागे ताठ व्हावेत म्हणून त्याला चिंचोक्याची खळ लावली आणि ते वाळायला अंगणात लांबलचक ताणून बांधलं. मग तो ओढ्यावर निघाला.

"येसाई, अंगणाच्या कुंपणाचा झापा लावून घे. शेळी आत येता कामा नये," जाताना त्याने सांगितलं.

येसाई "हो" म्हणाली आणि खेळात विसरून गेली.

बिरू परत आला तेव्हा शेळी सुतात अडकली होती आणि सुटायला धडपडत होती. जितकी धडपड, तितके धागे तुटत होते. येसाई भिंतीला टेकून उभी होती. "बाबा, मी विसरले," ती म्हणाली.

पुढचं बिरूला नीट आठवत नाही. भान आलं तेव्हा येसाईचा दंड त्याच्या मुठीत होता. तिची पावलं फरफटत आल्याच्या रेघा मातीत दिसत होत्या. पेवावरचा दगड बाजूला झाला होता आणि आतून गार, कुबट वास वर येत होता. त्याच्या तोंडून शब्द बाहेर पडत होते, "बस आत. अक्कल आली की..."

तो आवाज त्याचा नव्हता. चुलत्याचा होता. तोच घोगरेपणा, शेवटचा शब्द ओढायची तीच लकब.

वाक्य अर्धंच राहिलं. त्याने खाली पाहिलं. येसाई रडत नव्हती. ती डोळे मिटून, अंग चोरून, एवढीशी होऊन उभी होती आणि जे होईल त्याची वाट बघत होती. हे गप्प होणं बिरूला चांगलं ओळखीचं होतं.

त्याची मूठ सुटली. बायको धावत आली, तिने लेकीला उचललं, घरात नेलं आणि दार लावून घेतलं. आतून कडी घातल्याचा आवाज अंगणात उभ्या बिरूला ऐकू आला.

तो तिथून निघाला तो माळावर चालत सुटला. मागून कोणीतरी येत असल्यासारखं त्याला वाटलं. वळून पाहिलं तर कोणी नाही. पुन्हा चालू लागला तर पुन्हा तीच जड, घाईची पावलं. तो थांबला की ती थांबत होती. मग त्याच्या ध्यानात आलं की ही पावलं आपलीच आहेत. चुलता रागात असला की असाच चालायचा.

चुलतीची वाडी गाठली तेव्हा ती ओसरीवर तूर निवडत बसली होती. बिरू तिच्यासमोर खाली बसला.

"काकी, तात्या मेले नाहीत. ते माझ्यात आहेत. आज मी त्यांना बोलताना ऐकलं," तो म्हणाला आणि त्याने सगळं सांगितलं. "मी आता घरी जात नाही. कुठेतरी लांब जातो. पोर तरी सुखात राहील."



"तुला पेवात घातलं की त्या दिवशी तात्या जेवायचे नाहीत, माहीत आहे तुला?" चुलतीने विचारलं. "रडायचे. पुन्हा असं करणार नाही म्हणून शपथ घ्यायचे. आणि पुन्हा तेच. मी उठून तो दगड सरकवायला हवा होता. मला त्यांची भीती वाटायची, मी बसून राहिले."

तिने सूप बाजूला ठेवलं.

"म्हणून सांगते, नुसतं रडून काही बदलत नाही. आणि तू पळून गेलास तर पोरीला वाटेल, आपल्या चुकीने बाप गेला. मला एक सांग. तिचा दंड धरलास, त्याच्या आधी तुझ्या मनात काय आलं?"

"राग आला."

"त्याच्याही आधी."

बिरू आठवू लागला. ती शेळी. ते तुटलेले धागे. मग तो हळू आवाजात म्हणाला, "भीती. पाटील काय म्हणतील याची. हा निकामी आहे म्हणतील. तात्या म्हणायचे तसं. छाती आवळली, आत कोंडल्यासारखं झालं. आणि नेमकी ती समोर होती."

"तात्यांना एवढं कधी कळलं नाही," चुलती म्हणाली. "त्यांना शेवटपर्यंत वाटायचं, आपल्याला राग येतो."

बिरू घरी परतला. बायकोने दार थोडंसं किलकिलं केलं.

"आधी ते पेव बुजवून टाका," ती म्हणाली.

"बुजवू. पण त्याच्या आधी मला त्यात उतरायचं आहे. नाहीतर वरून कितीही माती घातली तरी ते माझ्यासाठी तिथेच राहील."

दुसऱ्या दिवशी सकाळभर त्यांनी पेवाचं तोंड उघडं ठेवलं. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडला. ज्योत नीट जळत होती, म्हणजे आत हवा होती. बायको पेवाच्या कडेला मांडी घालून बसली. "मी इथून हलणार नाही," ती म्हणाली. "दगडाला कोणी हात लावणार नाही."

बिरू उतरू लागला. त्याच्या हाताला घाम सुटला होता, दोरी निसटत होती. वरचा उजेड आक्रसत भाकरीएवढा झाला. पाय तळाला लागले आणि त्याचं मोठेपण कुठल्या कुठे गेलं. तो पुन्हा तेच पोर झाला. कानात रक्त धडधडत होतं आणि ते त्याला वरच्या पावलांसारखं वाटत होतं. हाक मारावी म्हणून तोंड उघडलं, तर आवाज फुटेना. तो गुडघे पोटाशी घेऊन बसला. आता दगड सरकेल, आता सरकेल, असं प्रत्येक श्वासाला वाटत होतं.

दगड सरकला नाही. बऱ्याच वेळाने त्याने कंदील उचलला आणि भिंतीकडे पाहिलं.

नखांनी ओरबाडलेल्या खुणा होत्या. त्या त्याच्याच. पण त्यांच्या बाजूला आणखी काही खुणा होत्या, जुन्या, कडा झिजलेल्या. कोणीतरी लहान मुलाने, लहान मुलाच्या उंचीवर, एक नागमोडी रेघ कोरली होती. बिरूने कंदील जवळ नेला. चुलता आपल्या प्रत्येक घोंगडीच्या काठाला हीच नागमोडी घालायचा. सगळ्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणाची अशी नव्हती.

बिरू त्या रेघेकडे बघत राहिला. तात्याही इथे बसले होते. त्यांनीही हाका मारल्या असतील. वर आल्यावर ते पुन्हा कधी खाली उतरले नाहीत, फक्त दुसऱ्याला उतरवत राहिले. बिरूला त्यांची दया आली. रागही गेला नाही. पण आतापर्यंत ज्याला तो राक्षस समजत होता, ते एक घाबरलेलं पोर होतं. आणि आपणही तेच आहोत, हे त्याला स्वच्छ दिसलं.

त्याने वर पाहून हाक मारली. या वेळी आवाज फुटला. "ऐकतेस का?"

"ऐकते आहे," वरून लगेच उत्तर आलं.

"मी वर येऊ?"

"या."

त्या दिवशी दोघांनी मिळून पेव बुजवलं. मग बिरू पाटलांकडे गेला आणि घोंगडी वेळेवर होणार नाही म्हणून सांगितलं. पाटील खूप बोलले. बिरूने सगळं ऐकून घेतलं आणि तो घरी आला.

येसाईला समोर बसवून तो म्हणाला, "झापा लावायला विसरलीस, ती तुझी चूक. बाकी सगळी माझी. तू घाबरलीस ते बरोबरच होतं."

त्यानंतर कितीतरी दिवस येसाई त्याच्या हाताला लागेल इतक्या जवळ आली नाही. बिरूने तिला ओढून घेतलं नाही. छाती आवळू लागली की तो काम ठेवायचा, "मला भीती वाटते आहे," असं मोठ्याने म्हणायचा आणि माळावर एक चक्कर मारून यायचा. कधी तरी आवाज चढायचा. मग तो स्वतःहून येऊन चूक कबूल करायचा. येसाई लांबून सगळं बघायची.

असा उन्हाळा गेला. एके सकाळी बिरू मागावर बसला होता. स्वयंपाकघरात काहीतरी पडून फुटलं आणि थोड्या वेळाने येसाई दारात आली. तिच्या हातात खापरांचे तुकडे होते.

"बाबा, खळीचं मडकं माझ्या हातून फुटलं," ती म्हणाली. "लपवणार होते. पण सांगायला आले."

तिचा आवाज जरासा कापत होता. बिरूचाही कापत होता.

"हात दाखव," तो म्हणाला. "कुठे लागलं नाही ना?"

येसाईने तुकडे खाली ठेवले आणि दोन्ही तळवे त्याच्यापुढे धरले.

तात्पर्य इतकंच: ज्या भीतीत आपण वाढलो तिच्याकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं नाही, तर ती आपल्याच हातांनी आपल्या लेकरांपर्यंत पोचते; पण पाहिलं, तर तिला आपल्यापाशीच थांबवता येतं.