बंधाऱ्याला कोपर कसं आलं

या, भिंतीवरच बसा. दगड गार आहे. आता समोर बघा. हा बंधारा या टेकडीपासून सरळ निघतो, नदीच्या ऐन मध्यावर काटकोनात वळतो, चाळीस हात आडवा चालतो आणि पुन्हा सरळ होऊन पलीकडच्या टेकडीला भिडतो. असा बंधारा कुठल्या शहाण्याने बांधला असेल? चांगले शिकलेले इंजिनिअर इथे येऊन डोकं खाजवतात. आम्ही या वळणाला कोपर म्हणतो. मी चौतीस वर्षं इथला पाटकरी होतो. पाटाचं पाणी पाळीपाळीने सोडायचं माझं काम. पण कोपराची हकीकत सांगायला लागलो की अजूनही मला एका जागी बसवत नाही.

असं सांगतात की फार पूर्वी इकडे रंगारपेठ होती आणि तिकडे सात वाड्या. पाण्यावाचून पेठेचं कापड रंगेना, वाड्यांची ज्वारी पिकेना. सलग तीन वर्षं पावसाने पाठ फिरवली होती आणि बायका नदीच्या वाळूत झरे उकरून वाटीवाटीने पाणी भरत होत्या. नदीला बांध घालायचा हे दोघांनाही पटलं. दगड आणि चुना पेठेचा, जमीन आणि माणसं वाड्यांची. म्हणजे एकमेकांवाचून दोघांचंही अडणार, आणि तेच दोघांना सलत होतं. अकरा बैठकी मोडल्या म्हणे. पेठेचे अंबुशेट महाजन गोड बोलून मुद्दा पुढे ढकलायचे. वाड्यांचे सुभानजी पाटील बोलायचे कमी, पण बोलले की तुकडाच पाडायचे.

बाराव्या बैठकीत ठरलं. पेठेने आपल्या टेकडीपासून भिंत काढावी, वाड्यांनी आपल्या, आणि मध्यावर गाठ घालावी. दोघांनी बेलभंडारा उचलून शपथ घेतली. सगळं ठरलं हो, फक्त भिंती कुठून निघतील तेवढं कुणी बोललं नाही! पेठेने आपले पानमळे वाचवायला भिंत वरच्या अंगाने काढली. वाड्यांनी खालचा कातळ धरला. सहा महिने दोन्ही भिंती एकमेकींकडे सरकत होत्या, आणि त्या एका रेषेत नाहीत हे आंधळ्यालाही दिसत होतं. पण पेठेला वाटे वाड्या वाकतील, वाड्यांना वाटे पेठ वाकेल. शेवटी दोन्ही टोकं मध्यावर आली तेव्हा एक वर, एक खाली, आणि मध्ये चाळीस हातांचं खिंडार.

"तुमची भिंत पाडा, मंग बोलू," पाटील म्हणाले.

"पाटील, पाडायची तर तुमची. आमची शास्त्राप्रमाणे आहे," महाजन म्हणाले.

काम बंद पडलं. ज्येष्ठ सरत आला होता आणि डोंगराच्या माथ्यावर ढग दाटले होते. नदीला लोंढा आला असता तर खिंडारातून घुसून दोन्ही भिंती उचलून घेऊन गेला असता. मग चौथं वर्षही कोरडंच, आणि पेठ काय, वाड्या काय, सगळ्यांनाच मुलूख सोडावा लागला असता.

भिंत बांधणाऱ्या वडारांमध्ये दुर्गव्वा नावाची बाई होती. तिचा नवरा याच भिंतीचे दगड फोडताना खाणीत दरड कोसळून गेला होता. त्याच्या हातचा दगड न् दगड ती ओळखत असे म्हणे. ती भिंत वाहून जाणार हे तिला सोसेना. ती उठली, स्वतःचं मातीचं गाडगं घेतलं आणि खिंडारात जाऊन बसली. म्हणाली, "आता ह्ये खिंडार बुजंल तवाच उठीन. अन् एकट्या पेठेचं पानी पिनार न्हाई, एकट्या वाडीचं बी न्हाई. दोगं मिळून घाला या गाडग्यात."

पहिल्या दिवशी लोक हसले. दुसऱ्या दिवशी तिचे ओठ फुटले, तेव्हा कुणी हसेना. तिसऱ्या दिवशी महाजन चांदीचा तांब्या घेऊन आले आणि पाटील पितळेचा. पण आधी कुणी ओतायचं? दगड आमचा, म्हणून आम्ही. जमीन आमची, म्हणून आम्ही. भर उन्हात तेराव्या बैठकीला तोंड फुटलं! आणि तेवढ्यात दुर्गव्वा एका अंगावर कलंडली.

दोघेही धावले. दोन्ही तांबे एकदमच रिते झाले. आधी कुणाचं पाणी पडलं हे तिथल्या हजार माणसांपैकी एकालाही सांगता आलं नाही. धावताना तांबे हिंदकळून अर्धे झाले होते, तरी गाडगं काठोकाठ भरलं, असं सांगतात.

दुर्गव्वाने डोळे उघडले. गाडगं ओठांपर्यंत नेलं आणि थांबली. ते दोघांपुढे धरून म्हणाली, "आदी तुमी."

वडाराच्या गाडग्यातलं पाणी, आणि तो काळ! वरच्या जातीचं कुणी त्याला ओठ लावत नसे. आधी पाटलांनी घोट घेतला, मग महाजनांनी. मग ती प्यायली.

"आता पाडू कुनाची?" पाटलांनी विचारलं, या वेळी अगदी हळू.

"कुनाचीच नगं. हात कोपरात वाकतो म्हनून घास तोंडात जातो. आडवी भिंत घाला."

मग काय सांगू तुम्हाला! रंगाऱ्यांचे निळे हात आणि कुणब्यांचे काळे हात एका रांगेत उभे राहिले. दगड हातोहात पुढे जाऊ लागले. महाजनांनी स्वतः चुना मळला. वर डोंगरात पाऊस सुरू झाला, पाणी घोट्याला लागलं, गुडघ्याला लागलं, दुर्गव्वा जागची हलली नाही. शेवटचा दगड बसला तेव्हा महाजनांनी एका हाताला आणि पाटलांनी दुसऱ्या हाताला धरून तिला वर घेतलं. त्याच संध्याकाळी लोंढा आला, कोपरावर आदळला आणि मागे फिरला. तळं भरलं!

आजही पाणी सोडायच्या दिवशी वडार वस्तीतली एक बाई गाडगं घेऊन कोपरात बसते. पेठेचे नगराध्यक्ष आणि वाड्यांचे सभापती दोघांनी एकदम पाणी ओतायचं असतं. गेल्या वर्षी बंधाऱ्याची उंची वाढवण्यावरून दोघांचं इतकं बिनसलं होतं की तांबे धरून दोघे नुसते उभे, आधी ओतेल तो नमला असं दोघांनाही वाटत होतं. "आधी तुम्ही." "नाही, आधी तुम्ही." वाढीव पाणी कुणाला किती, यावर वर्षभर बैठकी मोडल्या होत्या. गाडगं घेऊन बसायची पाळी यल्लूबाईची होती, ती उन्हात बसून होती. तास गेला.  मग यल्लूबाईने पदर डोक्यावर नीट घेतला, मांडी बदलली आणि म्हणाली, "चालू द्या सायेब. आमी तीन दिस बसतो."

अहो, दोघांचे तांबे असे एकदम उलटले!

गाडगं तिने आधी त्यांच्यापुढे धरलं. दोघेही प्यायले, आणि तिथेच भिंतीवर मांडी घालून बोलायला बसले.