समोरचा डोंगर

फार फार जुनी गोष्ट. राजाच्या दाढीवरसुद्धा हिवाळ्यात बर्फ साचायचा, इतक्या उंचावरच्या एका राज्यातली. मुलांनो, तुम्ही ऐका. आणि मुलांच्या मागे बसून कान टवकारणाऱ्या मोठ्यांनो, तुम्ही तर नीटच ऐका, कारण हा रोग लहानांपेक्षा तुम्हालाच जास्त होतो.

त्या राज्यात बर्फ पडला की वाटा बुजून जायच्या आणि घोडे तबेल्यात उभे राहायचे. मग माणसं पायांना लांब लाकडी फळ्या बांधत आणि डोंगरावरून घसरत खाली येत. घसरण्यात जो सगळ्यांत तरबेज, तो राजाचा जासूद. राजाचे निरोप खालच्या मुलखात तोच पोचवायचा, आणि त्याच्या डोक्याला तांबडा पटका असायचा. पटका ज्या घरात, त्या घराला गावात मान होता.

राजवाड्याच्या दोन अंगांना दोन डोंगर होते. एकावर सकाळपासून ऊन पडे, दुसऱ्यावर दुपारपर्यंत सावली असे. लोक त्यांना उन्हाचा डोंगर आणि सावलीचा डोंगर म्हणत. दर हिवाळ्यात एके दिवशी, कासराभर दिवस वर आला की शिंग फुंकलं जाई आणि दोन्ही डोंगरांवरून एकेक गडी सुटे. ज्याने त्याने आपापल्या डोंगरावरून उतरायचं, अशी रीत होती. खाली चौकात नगारा मांडलेला असे. ज्याची टिपरी नगाऱ्यावर आधी पडेल, वर्षभर पटका त्याचा.

उन्हाच्या डोंगरावर एक म्हातारा जासूद राहत असे. त्याने दोघांना घसरायला शिकवलं. एक त्याचा स्वतःचा मुलगा, त्याला आपण थोरला म्हणू. दुसरा सावलीच्या डोंगरावरून शिकायला येणारा एक पोरका मुलगा, तो धाकटा. म्हाताऱ्याने दोघांना एकाच ताटात जेवू घातलं, दोघांचे कान सारख्याच हाताने पिळले. मग म्हातारा गेला, आणि त्या हिवाळ्यात शर्यत धाकट्याने जिंकली. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा त्यानेच. त्याच्या पुढच्याही. बापाच्या डोक्यावरचा पटका थोरल्याच्या डोळ्यांदेखत समोरच्या डोंगरावर राहायला गेला.

तेव्हापासून थोरल्याच्या पोटात दुखू लागलं. वैद्याच्या बटव्यात औषध नसलेलं दुखणं ते. सकाळी उठून देवाचं नाव घ्यायच्या आधी तो अंगणात येई आणि समोर पाही. धाकट्याच्या घरातून धूर निघाला की याला ठसका लागे.

"तो कसला घसरतोय? त्याचा डोंगर त्याला घसरवतो," तो बायकोला म्हणे. "त्याच्याकडे बर्फ कसा, घोटलेल्या जमिनीसारखा. आपल्याकडे शिंग वाजेपर्यंत त्याची कणीक होते. फळ्या रुततात."

यात खोटं काही नव्हतं, बरं का. उन्हाने बर्फ मऊ होतो आणि मऊ बर्फात फळी अडते, हे शेंबडं पोरही सांगेल. मत्सराला खरं बोलता येत नाही असं नाही. अर्धं खरं तर तो फार छान बोलतो.

बायको चुलीत फुंकर घालत म्हणाली, "मामंजी याच डोंगरावरून उतरायचे ना? पटका तर त्यांच्याच डोक्याला होता."

"त्या काळी थंडी जास्त पडायची."

"पडत असेल," ती म्हणाली आणि तिने भाकरी उलटली.

एकदा थोरल्याच्या मनाने घेतलं की गुपित फळ्यांच्या तळाला आहे. सावलीच्या डोंगरावरचे लोक फळ्यांना राळ घोटून लावत, उन्हाच्या डोंगरावरचे मेण लावत. त्याने धाकट्याकडे राळ मागितली. धाकट्याने चांगला गोळाभर दिला आणि म्हणाला, "दादा, तुमच्याकडच्या ओल्या बर्फाला ही चालायची नाही. मेणच बरं." थोरल्याने मनात म्हटलं, बघा, गुपित लपवतोय. घरी येऊन त्याने मेण खरवडून काढलं आणि राळ फासली. त्या दिवशी फळ्यांच्या खाली बर्फाचे असे लगदे चिकटले की तो डोंगरावरून घसरला नाही, चालत आला. गावात हसू झालं. "मुद्दाम वाईट राळ दिली त्याने," थोरला भेटेल त्याला सांगत सुटला.

शेवटी तो राजापुढे जाऊन उभा राहिला.

"महाराज, शर्यत माणसांची आहे का डोंगरांची? मला सावलीचा डोंगर द्या, त्याला उन्हाचा द्या. मग बघा पटका कुणाच्या डोक्याला शोभतो ते."

राजाने धाकट्याला बोलावून विचारलं, "तुझं काय म्हणणं?"

"दादांचं समाधान होत असेल तर माझी ना नाही," धाकटा म्हणाला. तसं म्हणताना त्याचा आवाज थोडा उतरला होता, कारण स्वतःचं घर सोडून जायला कुणाला आवडतं? पण थोरल्याला त्या चांगुलपणाचाही राग आला.

राजा दाढीवरून हात फिरवत म्हणाला, "ठीक आहे. घरादारासकट डोंगर बदला. पण एकदा घेतला तो घेतला. पुन्हा बदलून मिळणार नाही."

"मागणारही नाही," थोरला उत्तरला.

बर्फ पडायला लागण्याच्या सुमारास दोघांनी बिऱ्हाडं हलवली. थोरल्याने सावलीच्या डोंगरावरच्या अंगणात घोंगडी अंथरली, तोंड केलं समोर, आणि बसला. समोर उन्हाच्या डोंगरावर धाकटा रोज सकाळी उतरून बघत होता आणि रोज पडत होता. मऊ बर्फाची त्याच्या पायांना सवय नव्हती.

"पडला," थोरला म्हणे. थोड्या वेळाने पुन्हा म्हणे, "परत पडला. अगं, बाहेर ये, बघ तर खरी."

"मी माणसं पडताना बघत नाही," बायको आतून म्हणे. "तुम्ही कधी उतरून बघणार?"

"इथे शिकायचं काय आहे? फळ्या बांधायच्या आणि सुटायचं. बाकीचं डोंगर करतो."

त्या हिवाळ्यात थोरल्याच्या अंगावर मूठभर मांस चढलं. इतका सुखी तो कित्येक वर्षांत नव्हता. हळूहळू धाकटा पडायचा कमी झाला, पण तोवर थोरल्याची खात्री पटली होती आणि खात्री पटलेला माणूस नीट पाहत नाही.

शर्यतीचा दिवस उजाडला. शिंग वाजलं. थोरला सुटला आणि त्याला वाटलं, आपल्याला पंख फुटले. जन्मात तो इतक्या वेगाने उतरला नव्हता. फळ्यांखाली बर्फ कुरकुरतही नव्हता, नुसता मागे पळत होता. हेच ते सुख, जे त्याने इतकी वर्षं माझ्यापासून चोरलं, असं त्याच्या मनात आलं.

मग चौकाच्या वरच्या अंगाचं वळण आलं. तिथे बर्फ नव्हता, काच होती. थोरल्याच्या पायांना जन्मभराची सवय मऊ बर्फाची. त्यात फळ्यांची टोकं बुडू नयेत म्हणून माणूस टाचांवर भार टाकून मागे रेलतो. थोरला तसाच मागे रेलला. काचेवर मागे रेललेल्या माणसाचं काय होतं ते सांगायला नको. फळ्या एकीकडे गेल्या, तो दुसरीकडे गेला, आणि मध्ये एक देवदार उभा होता. गुडघ्यातून कडकन आवाज आला.

झाडाशी पडल्या पडल्या त्याने मान वर करून पाहिलं, आणि ते समोरच पाहिलं. धाकटा उन्हाच्या डोंगरावरून येत होता. पण तो उघड्या उतारावरून येत नव्हता. डोंगराच्या कुशीतून, देवदारांच्या रांगेमागून, एका अरुंद निळसर पट्ट्यावरून तो बाणासारखा खाली येत होता. थोरला जन्मभर त्या डोंगरावर राहिला होता आणि तो पट्टा त्याने कधी पाहिला नव्हता. खाली नगाऱ्यावर टिपरी पडली. गुडघ्यापेक्षा तिचा आवाज जास्त लागला.

दुपारी धाकटा त्याला पाहायला आला. डोक्याला पटका होता, पण दारातच त्याने तो काढून काखेत धरला.

"ती वाट तुला कुणी दाखवली?" थोरल्याने विचारलं. "माझ्या बापाने तुला चोरून सांगितली होती ना?"

"नाही, दादा. उघड्यावर मी सारखा पडत होतो, म्हणून सगळा डोंगर पायी हिंडलो. एका जागी हरणांचे खूर बर्फात रुतलेले दिसेनात, नुसते ओरखडे दिसले. म्हटलं, इथे बर्फ टणक असणार. देवदारांमुळे तिथे मध्यान्हीपर्यंत ऊन पोचत नाही. गुरुजी तिथूनच उतरत असतील."

थोरल्याने भिंतीकडे तोंड केलं. धाकटा निघून गेला.

गुडघा जुळला, पण वाकडा जुळला. थोरल्याच्या पायांना पुन्हा फळ्या बांधता आल्या नाहीत. डोंगर बदलून मागायची सोय त्याने स्वतःच्या तोंडाने बंद केली होती. त्या हिवाळ्यात त्या पायाच्या उपचारांत आणि घरकामात बायकोचे केस पांढरे झाले, ती गोष्ट मात्र त्याला दिसली नाही.

पुढच्या वर्षी पुन्हा शर्यत झाली. सावलीच्या डोंगरावरून एक नवा गडी उतरला आणि उन्हाच्या डोंगरावरून धाकटा. पटका धाकट्याकडेच राहिला. थोरला अंगणात पाय लांब करून बसला होता. रस्त्याने शेजारी चालले होते, त्यांना तो म्हणाला, "जिंकेल नाही तर काय? डोंगर कसला मिळालाय त्याला. त्या देवदारांच्या सावलीतून कुणीही जिंकेल."

बायको तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"तो डोंगर तुमचाच होता," ती म्हणाली.

तात्पर्य: समोरच्याचा डोंगर बघत बसलेल्याला स्वतःच्या डोंगरावरची वाट दिसत नाही.