पेडलताईचं स्थळ

सायकलीचे भाग एकमेकांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. एका पाणमांजराला पोहणं, सायकल आणि धावणं अशा तिहेरी शर्यतीत उतरायचं होतं. मागच्या खेपेला सायकलवर फाजील जोर लावल्यामुळे धावायच्या वेळी ते आडवं झालं होतं. म्हणून यंदा त्याने पायांचा जोर मोजणारी पेडलताई आणली. तिला जोर कळे, पण तो आकडा पाणमांजराला दाखवायला हँडलवर स्क्रीन हवा होता.

सीटमावशीने दोन स्थळं आणून हँडलवर बसवली. "हा थोरला नकाशे दाखवतो, गाणी लावतो. नुसतं बोट लावायचं! आणि हा ठेंगणा... बटणांचा आहे बिचारा."

तेवढ्यात पाणमांजर नदीतून आलं आणि निथळतच पेडल मारू लागलं. त्याने थोरल्याला बोट लावलं, तर गाणं लागलं. पुन्हा लावलं, तर भलत्याच गावाचा नकाशा आला.

"आधी हात पुसून ये म्हणावं!" थोरला फणकारला.

ठेंगण्याचं बटण दाबताच जोराचा आकडा उमटला. पाणमांजराने तो पाहिला आणि पाय जरा सैल सोडले.

"हाच पसंत," पेडलताई म्हणाली.

"अगं, रूप तरी बघ!"

"मावशी, मी जन्मभर पायाखाली. मला त्याचं तोंड कुठे दिसणार? माझं म्हणणं वर पोचवलं की झालं. आणि तुम्हाला तरी त्या बुडाखालून काय दिसतंय?"