डोंगराचा अंगठा

डोक्यावर बर्फ आणि पोटात आग असलेल्या एका डोंगराखाली एक गाव होतं. पोट तापलं की बर्फ वितळणार, आणि दगडधोंड्यांसकट चिखल ओढ्याच्या वाटेने थेट खाली येणार. हे शेंबड्या पोरालाही कळेल. गावाला मात्र कळत नव्हतं.

राजाने साळूबाईला धोक्याचा नकाशा काढायला पाठवलं. बाई तीन महिने ओढ्याकाठी खड्डे खणत फिरली. पूर्वीचा चिखल जिथवर सापडला, तिथवर तिने नकाशावर तांबडी रेघ मारली. रेघेच्या आत कुणी राहू नये, एवढंच तिचं म्हणणं. आणि नेमकं आतच हैबतराव पाटील लेकासुनेसाठी नवं घर बांधत होता.

झालं! बैठक बसली. या गावाची एक खोडच होती. भांडण बांधाचं असो की म्हशीचं, निम्म्यावर मिटवायचं आणि दोन्ही बाजूंचे अंगठे घ्यायचे.

पाटील म्हणाला, "बाई, तुमची रेघ देवळापाशी, आमचं म्हणणं ओढ्यापाशी. मधली धरू. तुमचंही राहिलं, आमचंही राहिलं."

"अहो पाटील, ती रेघ माझी नाही, चिखलाची आहे!" साळूबाई कळवळून म्हणाली. "निम्म्यावर थांब म्हणून त्याला कोण सांगणार?"

तिने अंगठा दिला नाही. तरी पाटलाने स्वतःच्या हाताने रेघ ओढ्याकडे सरकवली. वास्तुशांत झाली, पुरणपोळ्या झाल्या, सून तान्ह्या लेकराला घेऊन तिथे राहायलाही गेली. आता या लोकांपुढे कपाळ फोडून घ्यावं की काय!

दुसऱ्या वर्षी डोंगर गुरगुरू लागला. साळूबाई धावत आली. दारोदार ओरडून, दंडाला धरधरून तिने माणसं टेकडीवर नेली. पाटलाची सून लेकराला छातीशी धरून सगळ्यांत शेवटी पोचली. मागोमाग चिखल आला. निम्म्यावर कसला थांबतोय! पाटलाचं घर गिळून तो देवळापाशी, बाईच्या रेघेवर थांबला.

साळूबाईने नवा नकाशा काढला. रेघ पुन्हा तिथेच.

पाटील डोळे पुसत म्हणाला, "बाई, आता तर येऊन गेला. दोन हात तरी ओढ्याकडे घ्या."

बाईने कुंचला त्याच्यापुढे धरला. "घेते की. आधी डोंगराचा अंगठा आणा."

तात्पर्य: आपल्या सोयीने धोक्याची रेघ सरकवता येते, धोका सरकत नाही.