सोडून दिलेली पायरी

लग्नानंतर मी पहिल्यांदा लाखवातींचा नेम धरला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, "बोटं दुखायच्या आत उठायचं बरं का." मी ऐकलं आणि नेम सुखरूप तडीस गेला. भजनाला येणाऱ्या मैत्रिणींना मी त्यावरून एक गोष्ट सांगत असते. गोष्ट संगणकाची आहे, पण आपल्याला परकी वाटू नये अशी.

एकदा एक कॉलेजकन्या आपला संगणक तान्ह्या लेकरासारखा उराशी धरून वृद्ध गुरुजींकडे आली. त्यांनी हयातभर संगणक शिकवला होता; ही त्यांचीच शिष्या. दुसऱ्या दिवशी तिच्या संघाचा गेमचा सामना होता. गेम अडखळतो म्हणून तिने प्रोसेसरचा, म्हणजे संगणकाच्या मेंदूचा, वेग एकदम वाढवला होता. तेव्हापासून यंत्र तापून मधेच बंद पडू लागलं होतं.

"संघातली पोरं विचारतात, ताई, तुझा डबा वामकुक्षीला गेला का?" ती म्हणाली. "आता पुन्हा बंद पडला तर माझ्या जागी दुसऱ्याला घेणार आहेत, सर."

गुरुजींनी आधी वेग मूळ जागी आणला. पंख्यातली धूळ झटकली, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा वाळलेला लेप पुसून नवा लावला. मग वेग एक पायरी वाढवला, यंत्राला भरपूर काम दिलं आणि तापमान न्याहाळत बसले. पुन्हा एक पायरी, पुन्हा वाट पाहणं. असं करता करता एका पायरीवर पडदा गोठला. गुरुजी एक पायरी उतरले. यंत्र चालू लागलं. मुलीचा चेहरा उजळला. तोच ते आणखी एक पायरी उतरले आणि म्हणाले, "झालं. ने आता."

"वरच्या पायरीवर चालत होतं की, सर! हातचं का सोडायचं? हवं तर विजेचा दाब थोडा वाढवू."

"दाब वाढवला तर धावेल, पण तापेल जास्त आणि झिजेलही लवकर. आत्ता सकाळचा गारवा आहे, बाळ. सामना भर दुपारी, वैशाखात. झेपतं तेवढं सगळं आजच मागून घेतलं, तर उद्याच्या उन्हाला तोंड द्यायला त्याच्यापाशी काय उरेल? आपण सोडली ना, त्याच पायरीला टेकून ते उद्या उभं राहील."

बोलता बोलता त्यांची नजर तिच्या सुकलेल्या ओठांवर गेली. "तुझा आज कसला उपास?"

"निर्जळी. सामना होईपर्यंत. देवीला बोलले आहे मी."

गुरुजींनी लिंबाचं सरबत तिच्यापुढे ठेवलं. "देवीला मी सांगतो, पोर एक पायरी उतरली म्हणून. आईच ती, रागावायची नाही."

मुलगी हसली, पण डोळे भरून आले. पेला दोन्ही हातांनी धरून ती सावकाश प्यायली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सामन्याची खोली भट्टीसारखी तापली होती. पंखा घोंघावत राहिला, पण यंत्र शेवटपर्यंत बंद पडलं नाही. सामना मात्र संघ थोडक्यात हरला. आवराआवर करताना पोरं म्हणाली, "ताई, पुढच्या वेळीही तूच हवीस."

मैत्रिणींनो, तुम्हीही एखादा नेम धराल, लेकरांना अभ्यासाला बसवाल, तेव्हा एवढं करा. झेपेल त्याच्या जरा अलीकडे थांबा, आणि तेवढं मात्र प्रेमाने निभवा.