वरची फांदी

लई मागची गोष्ट. पाखरांनी वडावर विद्यापीठ काढलं. मोर, ससाणे वरच्या फांदीवर बसायचे, साळुंक्या-चिमण्या पार तळाला. वरनं शीट पडायची ती थेट एका साळुंकीच्या डोक्यावर. तिला शिकायची हौस दांडगी, पण रोज अंग धुऊन जीव मेटाकुटीला आला.

"मास्तर, मी चालले घरी," ती पिंगळ्याला म्हणाली. "हितं अक्कल मिळंना, नुसती घाण मिळतीया."

मोर वरनं खिदळला, "ए साळे, उद्या छत्री आण!"

पिंगळा तापला. "उद्यापास्नं रोज फांद्या बदलायच्या. आज वर बसंल त्यो उद्या तळाला."

"आज्यापास्नं वरची फांदी आमची हाय!" मोर फणकारला.

"मग आज्याकडंच शिकाया जा."

दुसऱ्या दिवशी मोर तळाला, साळुंकी बरोबर त्याच्या डोक्यावर. मोरानं पिसारा आवळला अन् गोड आवाजात इचारलं, "साळूताई, सकाळी जास्त काय खाल्लं न्हाईस न्हवं?"

"पोटभर खाल्लंय, मोरदादा," म्हणत ती उडाली अन् लांब बांधावर जाऊन मोकळी हून आली.

तिसऱ्या दिवशी मोर परत वर. ऐन शिकवणीत त्याला जोराची आली. त्यानं खाली बघितलं. साळुंकी वर बघत हुती.

गडी शेपूट दाबून वर्ग सुटंस्तोवर तसाच बसला.